बासष्ट टक्क्यांवर अडलेली फाईल

मी मुरबाडला कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजवर हसतच आलोय, त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

गेल्या वर्षी वैशाखरे गावच्या तारामावशी त्यांच्या मुलीचा कॉम्प्युटर घेऊन आल्या. मनीषा, नर्सिंगला होती. काविळीने आठ दिवसांत गेली. मावशींनी एक नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क माझ्यासमोर ठेवली.

"यात सगळं टाकून द्या दादा. खळ्यावरचा यक व्हिडिओ हाय. तिचा आवाज तेवढ्यातच उरलाय."

फोटो, नोट्स भराभर गेले. तो व्हिडिओ मात्र बासष्ट टक्क्यांवर अडला. स्पीड शून्य. केबल बदलली, मागच्या पोर्टला लावून पाहिलं, फाईलचं नाव बदललं, दुसरी ड्राइव्ह जोडली — पुन्हा बासष्ट. व्हिडिओ उघडला तर तोही अर्ध्यातच गोठायचा. आतली डिस्क कटकट वाजायला लागली, तेव्हा मी हात टेकले.

चौथ्या दिवशी दुपारी सगळं परत द्यायला त्यांच्या घरी गेलो. मावशींनी कॉम्प्युटर पुन्हा टेबलावर जोडायला लावला. मग हळूच म्हणाल्या, "माझ्यासमोर यकदा करून बघा."

त्यांचं मन मोडवेना. तीच केबल, तीच ड्राइव्ह. साठ... एकसष्ट... बासष्ट. थांबलं.

"हितंच अडतंय, मावशी."

त्या पुढे आल्या. सीपीयूवर तळहात ठेवला.

"तिला नेत होते तवा मी तिरडी धरून ठेवली होती. सोडतच नव्हते. चार बायांनी माझी बोटं सोडवली..." त्यांनी सीपीयूवरचा तळहात हळूच उचलला. "जा गो बाय. आता नाय अडवत तुला."

त्रेसष्ट.

मग सरळ शंभर! ड्राइव्हवरचा व्हिडिओ लावला. भाताच्या पेंढ्यांमध्ये मनीषा उभी, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. "आये, इकडं बघ ना गो!" म्हणत हसत होती. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. मावशी भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला, तो कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. मावशींना विचारून आतली डिस्क कल्याणला डेटा रिकव्हरी करणाऱ्या मित्राकडे नेली. दोन दिवसांनी त्याचा फोन.

"व्हिडिओ होता तो भाग पार खरवडला गेलाय. आजचा नाय, जुना डॅमेज आहे. तिथून काहीच वाचता येणार नाही."

"अरे, माझ्या हाताने कॉपी झालाय!"

"मग दुसरीकडून आणला असशील तू."

दुसरीकडून कुठून? दुसरी कॉपीच नव्हती.

परवा मावशी बाजारात भेटल्या. व्हिडिओ बघता का, विचारलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "जा म्हटलंय ना तिला. आता रोज कशी बोलवू?"

मला यातलं अजून काही उलगडलेलं नाही. आणि खरं सांगू... उलगडावं असंही आता वाटत नाही.