ओनोसानांचा परतीचा रकाना

ओनोसान नमस्काराच्या भानगडीत पडायचे नाहीत. माणूस दिसला की पहिला प्रश्न, "परत किती वाजता?" जपानात सेंदाई शहरापासून बसने तासाभरावर जंगलाचं सरकारी उद्यान होतं. त्याच्या दाराशी, लाकडी चौकीत हे सत्तरीचे गृहस्थ वही उघडून बसलेले असायचे. नाव, फोन नंबर, जाण्याची वेळ, परतीची वेळ. परतीचा रकाना भरेपर्यंत माणूस त्यांच्या लेखी जंगलातच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या संशोधनापायी आम्ही सेंदाईत होतो. रविवारी डबा घेऊन तिथे फिरायला जायचो. माझ्या पिशवीला ओनोसान स्वतः पितळी घंटी बांधायचे. "न कळवता आलेले पाहुणे अस्वलांना आवडत नाहीत, ओकुसान," म्हणायचे. ओकुसान म्हणजे आपल्याकडचं वहिनी म्हणा ना. मी मूळची भित्री भागूबाई, घंटी वाजली तरी दचकायची.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आभाळ भरून आलं, म्हणून आम्ही पलीकडच्या दाराची बस पकडायचं ठरवलं. वाटेत तळ्यापाशी ओनोसान पानं झाडत होते. त्यांचा निरोप घेतला की वहीचं काम झालं, असा माझा समज. आता निघताना "जाते" म्हणायला आपली जीभ वळते का? मी नव्यानेच शिकलेलं जपानी वापरलं, "किमास." येते.

"हो, हो. वाट बघतो," ते म्हणाले. किती गोड माणूस, असं मला वाटलं.

साडेपाचला घरी चहा टाकला आणि फोन वाजला. ओनोसानांच्या पत्नी होत्या, वहीतला नंबर बघून लावलेला.

"तुम्ही घरी आहात?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "ते तर तुम्हाला शोधायला आत गेलेत."

बाहेर अंधार, पाऊस, आणि आमच्यापायी म्हातारा माणूस एकटा जंगलात.

"तू त्यांना नक्की काय म्हणालीस?" सुधीरने विचारलं.

"येते म्हटलं. दुसरं काय म्हणणार?"

"अगं, इथे येते म्हणजे येतेच."

मला माझाच राग आला. गावातले दोघे त्यांना शोधायला निघालेत, एवढंच कळलं होतं. फोन चालू आहे ना, म्हणून मी रिसीव्हर उचलायची, आणि तेवढ्यात त्यांचा फोन आला तर, म्हणून घाईने ठेवायची. चहा तसाच गार झाला.

सव्वासातला फोन आला. "ओकुसान?" आवाज त्यांचाच, दम लागलेला. घसरून पाय मोडला होता, त्या दोघांनी उचलून आणलं होतं. मी रडत माफी मागायला लागले.

"ते राहू दे," ते म्हणाले. "घरी किती वाजता पोचलात? रकाना मोकळा आहे."

पुढच्या वर्षी आम्ही कायमचे पुण्याला परतणार होतो, म्हणून भेटायला गेलो. ते काठी टेकत चौकीबाहेर आले. ती काठी आता सुटणार नव्हती. निघायची वेळ झाली. ओठांवर आलेलं "येते" मी गिळलं आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी म्हटलं, "इकिमास." जाते.

नाहीतर ते वाट बघत बसले असते.