पप्पांची सेकंड शिफ्ट आणि हिरवी माणसं

गेल्या महिन्यात फोनवर ती मालिका सापडली. अख्खी, पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत ओळीनं लावलेली. मी हावरटासारखी बघत सुटले. जेवताना, कपडे वाळत घालताना, पालघरला नोकरीवर जाता-येता. फक्त शेवटचा भाग लावला नाही. तो पप्पांना माझ्याशेजारी बसून बघायचा होता आणि त्यांना तो बघायला मिळाला नाही. का मिळाला नाही, ते मी आईलासुद्धा नीट सांगितलेलं नाही.

मालिका विनोदी होती. दुसऱ्या ग्रहावरचं एक कुटुंब, कैरीसारखं हिरवंगार, एका सोसायटीच्या गच्चीवरची खोली भाड्यानं घेतं. आजोबा, आई-बाप आणि दोन पोरं. सोसायटीतली माणसं भली, हाकलत कुणी नाही. फक्त हिरव्यांसाठी लिफ्टची वेळ वेगळी, प्रसादाचा द्रोण वेगळा, पाण्याचा पेला वेगळा. हिरव्या आजोबांकडे एक डबी असायची. कुणी "आम्ही तसलं काही मानत नाही, पण..." असं म्हटलं की ती टिंग वाजायची. सोसायटीची मीटिंग सुरू झाली की टिंग टिंग टिंग, आणि सेक्रेटरी डबी शोधायला टेबलाखाली! मी पोट धरधरून हसायची. कॉलेजात त्यावर तावातावानं बोलायची. लोक किती दुटप्पी असतात नाही, असं तोंड वर करून मैत्रिणींना सांगायची. मोठी शहाणी लागून गेले होते ना.

आम्ही तेव्हा बेटेगावला चाळीतल्या एका खोलीत राहायचो. पप्पा सांगलीकडून आलेले, तारापूरच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. कपड्यांना लावायचा रंग, त्याची पावडर ड्रममध्ये भरायची. तो रंग अंगात मुरायचा. महिनाभर पप्पा पिवळे असायचे, माल बदलला की गुलाबी. नखं, कानामागची जागा, तळपायाच्या भेगा, सगळीकडे रंग. कितीही घासा, आंघोळीनंतर तासाभरात घाम आला की त्यासोबत पुन्हा वर यायचा.

शेअर रिक्षावाले अशा कामगारांसाठी सीटखाली गोणपाट ठेवायचे. पप्पा चढायच्या आधी स्वतःच ते काढून अंथरायचे, रिक्षावाल्याला सांगावं लागायचं नाही. आमची घरमालकीण काकी मनानं फार चांगली होती. सुकट आणली की वाटीभर आम्हाला द्यायचीच. पण दोरीवर पप्पांचा शर्ट दिसला की आईवर ओरडायची, "त्याचे कपडे बाजूला टाक गो! तुमच्यावर राग नाय माजा, पण माजी चादर खराब झाली ना." घरातही पप्पांची बादली वेगळी, अंथरूण वेगळं, बसायला एक प्लास्टिकची खुर्ची. सेटीवर ते बसायचे नाहीत. रंग लागतो म्हणून, दुसरं काही नाही. असं आम्ही म्हणायचो आणि आमच्या घरात वाजणारी डबी नव्हती.

मालिका शनिवारी संध्याकाळी आठ वाजता लागायची. ठेकेदार पप्पांना कायम सेकंड शिफ्टलाच टाकायचा, दुपारी तीन ते अकरा. सुट्टी शुक्रवारी. रविवारी चार वाजता तोच भाग परत दाखवायचे, तेव्हाही पप्पा प्लांटवर. पप्पांचा फोन बटणांचा. मग रविवारी सकाळी चहा घेऊन ते त्यांच्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "हां, सांगा बाईसाहेब. हिरव्यांचं काय झालं?" मी उभी राहून सगळ्यांचे आवाज काढून सांगायची. सेक्रेटरी चालतो कसा, आजोबा भुवया उडवतात कशा. पप्पांना सगळं बारीकसारीक हवं असायचं. पेला स्टीलचा होता की काचेचा? पाणी दिलं तेव्हा सेक्रेटरीची बायको कुठं बघत होती? मी वैतागायची, "पप्पा, तुम्हाला काय परीक्षा द्यायचीय का!"

परीक्षाच होती. संध्याकाळी सहाच्या चहाला त्यांची सगळी गँग ड्रमवर बसून वाट बघायची. बिहारचे, यूपीचे, एक-दोघे इथलेच, मासवणकडचे. "भाई, हरे दादाजी का क्या हुआ?" पप्पा त्यांच्या सांगलीच्या हिंदीत माझी नक्कल करून सांगायचे. हे आईनं सांगितलं मला. पिवळी आणि गुलाबी माणसं घोळका करून हिरव्या माणसांची गोष्ट ऐकतायत, हे चित्र डोळ्यासमोर आलं तेव्हा मला नुसतं हसू आलं होतं. एवढं समोर मांडून ठेवलेलं, तरी मला कळलं नाही.

मालिका संपणार अशी जाहिरात यायला लागली. एका रविवारी पप्पा म्हणाले, "शेवटचा भाग मी बघणार. तुझ्याबरोबर बसून. ऐकून ऐकून कंटाळा आला." मी म्हटलं, ठेकेदार सोडतोय होय! पण त्यांनी एका बिहारी जोडीदाराशी शिफ्ट बदलून घेतली. तो पप्पांची शनिवारची सेकंड करणार, पप्पा त्याची सकाळची फर्स्ट, आणि वर लक्ष्मीपूजनाची आपली सुट्टी पप्पा त्याला देणार. आई चिडली. पप्पा म्हणाले, "लक्ष्मी दरवर्षी येते गं." एका टीव्हीच्या भागासाठी माणसानं दिवाळी दिली होती आणि मी त्याच आठवड्यात कॉलेजच्या दोन मैत्रिणींना घरी बोलावून बसले. त्या दोघी कंपनीच्या कॉलनीतल्या, क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, वडील इंजिनियर. मला सगळे डायलॉग पाठ म्हणून शेवटचा भाग माझ्याकडे बघायचा, असं त्यांनी ठरवलं आणि माझी छाती फुगली.

शनिवारी पप्पा फर्स्ट करून चार वाजता आले. आल्या आल्या मोरीत गेले. प्लांटवरून बाटलीत हायपो आणला होता, म्हणजे ब्लीचिंगचं पाणी. रंगातले सगळे कामगार लग्नाकार्याला जायचं असलं की त्यानं अंग घासतात. कातडी सोलते, पण रंग जातो. तासभर घासत होते. बाहेर आले तर हात उकडलेल्या कोलंबीसारखे लालबुंद, नाकाला झोंबेल असा वास, पण पिवळं कुठं काही नाही. पांढरा शर्ट घातला, तो एकच होता. केसांना तेल लावलं. आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदा ते सेटीवर बसले, अगदी कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून. मैत्रिणींसाठी मी सेटीवर नवी फिकट चादर अंथरली होती.

खोलीत उकडत होतं. पत्र्याची खोली, वर पंखा होता तो गरम हवाच ढवळायचा. आठला दहा कमी असताना मी पप्पांकडे बघितलं. कॉलर आतून पिवळी होत चालली होती. मानेवरून एक पिवळा ओघळ आला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता, ते जाहिराती बघण्यात दंग. तेवढ्यात बाहेर मैत्रिणींच्या गाडीचा हॉर्न वाजला.

मी म्हटलं, "पप्पा, रंग लागतोय हो. चादर नवी आहे."

बास, एवढंच. ओरडले नाही, काही नाही. उलट आवाज अगदी गोड ठेवला होता. पप्पा चटका बसल्यागत उठले. चादरीला हात लावून बघितला, मागे वळून कुठं लागलंय का ते बघितलं. म्हणाले, "नाही लागलं, नाही लागलं." प्लास्टिकची खुर्ची आईनं काकीकडे बसायला जाताना बाहेर ठेवली होती, खोलीत जागा व्हावी म्हणून. ती आत घ्या असं मी म्हणू शकले असते. पप्पा म्हणाले, "मी नाक्यावरच्या टपरीवर बघतो. तिथं टीव्ही आहे." चपला घालून, मैत्रिणी आत येत होत्या त्यांना वाट देऊन, ते गेले. त्यातली एक म्हणाली, "कोण गं हे?" मी म्हटलं, "पप्पा." खोटं नाही बोलले. एवढंच काय ते माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे.

टपरीवाला मॅचशिवाय दुसरं काही लावत नाही, हे मला ठाऊक होतं. अख्ख्या बेटेगावाला ठाऊक होतं. पप्पांनाही असणारच.

शेवटच्या भागात हिरवी माणसं निघून जातात. भांडण नाही, भाषण नाही. पहाटे सामान बांधतात आणि खोलीची किल्ली सेक्रेटरीच्या दाराला लटकवून जातात. पुढच्या मीटिंगमध्ये विषय एकच, गच्चीवरची खोली आता कुणाला द्यायची. आम्ही तिघी ढसाढसा रडलो. एक मैत्रीण म्हणाली, माणसं अशी कशी वागू शकतात! मी मान डोलावली. डोलावली मी! आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आत पप्पा गेले. आजारपण तीन महिन्यांचं. ते कशानं झालं हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि विचारायची अक्कल आम्हाला नव्हती. हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसून किती बोलले मी, पण हे नाही बोलले. बोलायची वेळ त्या शनिवारनंतरच्या सकाळीच होती.

त्या सकाळी पप्पा नेहमीसारखे चहा घेऊन खुर्चीत बसले. हातांची सालं निघाली होती, कप दोन्ही तळव्यांत धरला होता. म्हणाले, "त्या टपरीवाल्यानं मॅच लावली होती गं. चल, सांग. काय झालं शेवटी?"

मी उभी राहिले. खरा शेवट तोंडातून निघेना. मग मी वाटेल ते सांगत सुटले. म्हटलं, हिरवे निघाले होते पप्पा, सामान बांधून. तेवढ्यात सगळी सोसायटी गच्चीवर आली. सेक्रेटरी आला. त्यानं सगळ्यांसमोर आजोबांची माफी मागितली, हात जोडून, पाया पडून, रडत. म्हणाला, आमचं चुकलं, फार चुकलं. माझा आवाज चिरकत होता. पप्पांना वाटलं, मी सेक्रेटरीचा आवाज काढतेय.

त्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "एवढी माफीबिफी कशाला? म्हातारा माणूस बिचारा, त्याला अवघडल्यासारखं झालं असेल. नुसतं 'बसा' म्हणाले असते तरी पुरलं असतं."

पप्पांना टोमणा मारता येत नव्हता. येत असता तर किती बरं झालं असतं. ते खरंच हिरव्या आजोबांबद्दल बोलत होते. मी रिकामा कप घेतला, मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.

बाहेरून त्यांचा आवाज आला, "अगं, पण राहिले ना ते शेवटी? प्लांटवर आधी तेच विचारतील."

"राहिले, पप्पा," मी आतून ओरडून सांगितलं.