कपडे जुने करणारी आत्या

माझ्या आत्याचा धंदा सांगितला तर लोकांना थट्टा वाटते. ती नवे कपडे जुने करते. नाटकातल्या भिकाऱ्याचा कोट दुकानातून कोरा यायचा आणि आत्याच्या हातून दहा हिवाळे सोसून रंगमंचावर जायचा. उभा जन्म त्यात गेला आणि एक दिवस थिएटरला कुलूप लागलं. एका सिनेमा कंपनीला असं माणूस हवं होतं. सीव्ही आणि हातच्या कामाचा एक नमुना संध्याकाळपर्यंत पोचवायचा होता. ही संधी हुकली, की तिचं हे काम कायमचं सुटणार होतं.

सीव्ही लिहायला मी बसले. आत्या स्वतःची टिमकी वाजवायला कधीच लाजली नाही.

“लिही, माझ्यासारखी दुसरी नाही.”

“असं लिहीत नाहीत, आत्या. काय येतं ते सांग.”

“नवं जुनं करता येतं.”

“ते मलाही येतं. माझी चादर बघ.”

“ती मळकी आहे, बाईसाहेब. जुनी नाही.”

शेवटी मी ‘कपड्यांना वापरलेलं रूप देण्याचा प्रदीर्घ अनुभव’ असं ठोकून दिलं. वाचून तिने नाक मुरडलं आणि नमुन्यासाठी आणलेला कोरा शर्ट टेबलावर पसरला.

कॉलरची घडी तिने किसणीवर घासली. डाव्या बाहीचं कोपर पॉलिशपेपरने विरवलं. ओल्या खिशात चष्म्याचं घर कोंबून तो इस्त्रीने वाळवला, तसा खिसा लोंबला. उजव्या खांद्यावर पिशवीच्या पट्ट्याची फिकट रेघ उमटली. मग मधलं एक बटण तोडून तिने ते भलत्याच रंगाच्या दोऱ्याने, जरा वाकडं लावलं.

मी तोंडात बोट घालून बघत राहिले. शर्ट रिकामा होता, तरी त्यात माणूस दिसायला लागला होता. डावं कोपर टेकून वाचणारा, बायको गेल्यावर स्वतःची बटणं स्वतः लावायला शिकलेला. ते माझे बाबा होते. ते गेल्यावर त्यांचा एकही कपडा आमच्याकडे उरला नव्हता.

मी शर्ट छातीशी धरला. “आत्या, हा नको ना पाठवूस. दुसरा कर.”

तिने तो माझ्या हातातून हळूच सोडवला, घडी घातली, वर सीव्ही ठेवला.

“तुला उद्या करून देते. आज याला जाऊ दे. धाकटा आहे माझा, एकदा तरी बहिणीच्या उपयोगी पडू दे.”