इमानाचा चौकीदार

ग्यानोबा कांबळ्याला सरकारी नोकरी लागली ती दुष्काळामुळं. बहात्तर साली अहमदपूरच्या अलीकडचं सावरखेडा निम्मं रिकामं झालं होतं. विहिरी आटल्या होत्या, जनावरं छावणीला गेली होती, आणि उरलेली माणसं माळावर दुष्काळी कामाला जाऊन गिट्टी फोडत होती. गिट्टी इतकी फोडली की ती टाकायला रस्ते उरले नाहीत. तेव्हा वर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की ढगांवर औषध फवारून पाऊस पाडावा. त्याला विमान लागणार, विमानाला पट्टी लागणार, आणि पट्टीला सावरखेड्याचा माळ बरा. ढग नव्हते, पण ते दुसऱ्या खात्याचं काम होतं.

काम लवकर उरकावं म्हणून ओव्हरसियरनं दोन टोळ्या केल्या. एक उगवतीकडून निघाली, दुसरी मावळतीकडून. ग्यानोबा पहिल्या टोळीत, त्याची बायको सरजाबाई दुसऱ्या. दोन्हीकडून मुरूम पसरत, धुमसानं ठोकत टोळ्या माळाच्या मध्यावर भेटल्या. उगवतीची बाजू हातभर उंच भरली होती. मध्ये चांगली पायरी पडली होती, आजीबाईला टेकायला बरी अशी.

ओव्हरसियरनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "वरून मुरूम टाका. दिसायला नको."

मुरूम टाकला. पायरी गेली, उंचवटा राहिला.

"तुमचीच बाजू उंच," सरजाबाई कामावर वाटलेल्या सुकडीचा बकाणा भरता भरता म्हणाली. "तुमच्या लोकायला माप कामून कळत न्हाई?"

"आमची उंच न्हाई. तुमची खोल हाय," ग्यानोबा म्हणाला.

हे भांडण त्यांच्या संसारात मुलाबाळांसारखं वाढलं.

पट्टी झाली तसा तिला राखणदार हवा होता. ग्यानोबा उंचापुरा, सातवी शिकलेला, आवाज असा की शिवेवर उभा राहून हाक मारली तर शेजारच्या गावानं ओ द्यावी. त्याला खाकी कपडे मिळाले, शिट्टी मिळाली, लाल झेंडी मिळाली. काम एकच, पट्टीवर जनावर येऊ द्यायचं नाही. जनावरं सगळी छावणीत. त्यामुळं ग्यानोबाचं काम पहिल्या दिवसापासून चोख होत होतं. बौद्धवाड्यात सरकारी कपडा अंगावर चढवलेला हा पहिलाच माणूस. निम्म्या गावाचे मालक व्यंकटराव देशमुख त्याला आजवर 'ग्यान्या' म्हणत. खाकी बघून ते 'ग्यानोबा' म्हणू लागले. कपड्याला म्हणत होते, पण ऐकायला ग्यानोबाला मिळत होतं.

मग एका सकाळी इमान आलं. गावात विमानाला इमानच म्हणत. सारं गाव माळावर लोटलं. इमान टेकलं, सुरेख धावलं, मध्यावरच्या उंचवट्यावर चढलं आणि बेडकासारखं उडालं. परत टेकलं ते तिरकं. तसंच घसरत व्यंकटरावांच्या कोरड्या रानात गेलं आणि बांधात नाक खुपसून बसलं. वैमानिक धूळ झटकत बाहेर आला आणि पाणी मागू लागला. पाऊस पाडायला आलेल्या त्या माणसाला सरजाबाईनं टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर आणून दिलं.

चौकशीला जीपमधून एक साहेब आला. ऊन फार होतं म्हणून तो पट्टीवर गेला नाही, शाळेत बसला. ओव्हरसियरनं शपथेवर सांगितलं, की पट्टी तळहातासारखी सपाट आहे. तळहातालाही उंचवटे असतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग ग्यानोबाला आत बोलावलं.

"पट्टीवर जनावर आलं होतं का?"

"न्हाई साहेब. जनावरं छावणीत हायत."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "तुझं काम काय?"

"जनावरं हाकलायचं."

"आणि गावात जनावरंच नाहीत?"

"एक बी न्हाई."

"मग चौकीदार कशाला पाहिजे?" साहेब अगदी सहज म्हणाला. "नीट आठवून सांग."

ग्यानोबाला अंगावरची खाकी एकदम ढिली झाल्यासारखी वाटली. दारातून बौद्धवाड्यातली माणसं आत बघत होती. तो म्हणाला, "एक गाय होती साहेब."

"रंग?"

"कबरी."

"कुठून आली?"

"अचानक आली."

"गाय अचानकच येते," असं म्हणून साहेबानं पेन उचललं. ओव्हरसियरच्या तोंडावर दुष्काळात पहिल्यांदा ओलावा दिसला.

कारण सापडलं. पण गाय आहे म्हटल्यावर तिला मालक हवा. तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला. व्यंकटरावांनी तहसिलीत सांगितलं, की कबरी गाय आपलीच, छावणीतून घराच्या ओढीनं पळून आली होती, आणि इमानाच्या धक्क्यानं तिचा जीव गेला. नुकसानभरपाई मंजूर झाली. त्या संध्याकाळी व्यंकटरावांनी ग्यानोबाला वाड्यावर बोलावलं, ओट्यावर बसवलं आणि कपबशीतून चहा दिला. ज्या ओट्याला ग्यानोबाच्या बापानं जन्मात पाय लावला नव्हता, तिथं तो फुंकर मारत चहा प्याला. माणसाला माणसासारखं वागवा, असं पिढ्यान् पिढ्या सांगून जे झालं नव्हतं, ते एका नसलेल्या गाईनं करून दाखवलं.

पुढं दहा वर्षं इमान काही आलं नाही. पण गाय राहिली. अहमदपूरच्या स्टँडवर ग्यानोबा दिसला की कुणीतरी चहा सांगायचं आणि म्हणायचं, "हां, मंग गाय कशी आली?" ग्यानोबा सुरू व्हायचा. पहिल्या वर्षी तिला शिंगं फुटली, दुसऱ्या वर्षी गळ्यात घंटी आली. हळूहळू ती इमानाकडं मान वळवून बघू लागली. तिच्या डोळ्यातलं भ्यावसुद्धा ग्यानोबाला आठवू लागलं. सगळं गाव खरं काय ते जाणत होतं आणि गंभीर तोंडानं ऐकत होतं. सरजाबाई तेवढी तो घरी आला की विचारायची, "मंग? आज किती दूध दिलं तुमच्या गाईनं?"

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. सावरखेडा उस्मानाबादेतून उठून लातुरात गेलं. गाव जागचं हललं नाही, त्या साली पाऊसही जागचा हलून इकडं आला नाही. पण नव्या जिल्ह्याचा सोहळा व्हायचा होता, त्याला मोठे पाहुणे विमानानं यायचे होते, आणि कुणाला तरी सावरखेड्याची पट्टी आठवली. डागडुजीला रेणुकादास कुलकर्णी नावाचा तरुण इंजिनियर आला. घरंदाज, मऊ बोलणारा, ग्यानोबाला 'अहो' म्हणणारा.

"मागचा अपघात कशानं झाला हो?" त्यानं विचारलं.

इथं ग्यानोबाला खरं सांगता आलं असतं. कुणी धमकावत नव्हतं. पण दहा वर्षांची सवय होती. प्रश्न ऐकला आणि गोष्ट आपोआप सुरू झाली. गाय कुठून आली, कुठं थबकली, सगळं त्यानं बोटानं दाखवलं. रेणुकादासनं मन लावून ऐकलं आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना खांब रोवून काटेरी तारेचं कुंपण घातलं. पट्टीला चुना मारला. उंचवट्यावरही मारला, तो आता लांबून छान दिसत होता.

सरजाबाई सरपण घेऊन तिथून चालली होती. ती थांबली. "हे कशाला?"

"गाय आत येऊ नये म्हणून," ग्यानोबा म्हणाला.

"कोणती गाय?"

दुसऱ्या दिवशी ग्यानोबा खरं सांगायला रेणुकादासला गाठायला गेला, तर इंजिनियर लातूरला सोहळ्याच्या कमानीच्या कामाला गेलेला. आल्यावर सांगू, असं ग्यानोबानं ठरवलं. तो आला तेव्हा, जाताना सांगू असं ठरवलं.

पाहुण्यांच्या आधी चाचणीसाठी एक तरुण वैमानिक एकटाच आला. इमान टेकलं, धावलं, उंचवट्यावर उडालं. मागच्या वेळी बाजूला मोकळं रान होतं. या वेळी कुंपण होतं. तार चाकात गुंतली आणि इमान उलटं झालं. ग्यानोबा धावला. हात फाटेस्तोवर तारा ओढून त्यानं वैमानिकाला बाहेर काढलं. पोराचा पाय मोडला होता, बरगड्या गेल्या होत्या. त्याला नांदेडला हलवलं.

तीन साहेबांची समिती बसली. तिनं ग्यानोबाला विचारलं, "गाय होती का?"

"कुंपण हाय की साहेब."

"म्हणजे नव्हती. झालं." पट्टी सपाट, गाय नाही, कुंपण नवं; राहिला कोण, तर वैमानिक. त्यानं सरळ रेघ सोडली, असं समितीनं कच्च्या अहवालात लिहून टाकलं. ग्यानोबा या वेळी साहेबापुढं खरं बोलला होता, आणि त्या खऱ्यानं एका निरपराध माणसाला बुडवलं होतं.

त्याला जेवण जाईना. एक दिवस तो बस धरून नांदेडच्या दवाखान्यात गेला. वैमानिक हैदराबादकडचा. पाय टांगलेला, डोळे छताला लागलेले.

"चौकीदार," तो म्हणाला, "मैं सीधा था. खुदा की कसम, एकदम सीधा था. मेरा लायसन ले लिए."

ग्यानोबा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. "साहेब, तुमी सरळच व्हते. पट्टी वाकडी हाय. मधी उंचवटा हाय. आमच्याच हातचा. गाय कधी नव्हतीच."

पोरानं मान त्याच्याकडं वळवली. "गवाही देंगे क्या?"

"हाव," ग्यानोबा म्हणाला.

लातूरच्या कचेरीत ग्यानोबा समितीपुढं गवाहीला उभा राहिला तेव्हा सरजाबाईही आली होती, दारापाशी. बहात्तर सालचा जीपवाला साहेब आता फार वरच्या पदावर गेला होता. समितीचा अध्यक्ष त्याच्याच हाताखालचा.

"तेव्हा गाय होती म्हणालास?"

"हाव."

"आज नव्हती म्हणतोस?"

"हाव."

"म्हणजे एकदा खोटं बोललास."

"तवा बोललो."

"कधी बोललास ते आम्ही ठरवू."

"ओ साहेब," सरजाबाई दारातून म्हणाली, "ठरवता कशाला? चला की माळावर. चालून बगा, ठेच लागंल."

कुणी उठलं नाही. बाहेर ऊन होतं.

वैमानिक मात्र सुटला. ग्यानोबाची गवाही कागदावर आली होती, ती खोडता येईना. मग पट्टीची नैसर्गिक झीज झाली, असं कारण लागलं. माती झिजून उंच कशी होते, ते निसर्गालाच माहीत. जुना ओव्हरसियर तोवर मोठा इंजिनियर झाला होता, त्याला कुणी विचारलं नाही. कुंपण वेळेत उभं केलं म्हणून रेणुकादासची पाठ थोपटली गेली. तारा आणि खांब व्यंकटरावांनी आपल्या मोसंबीच्या बागेला नेले. ग्यानोबा कांबळे, चौकीदार, शासनाची दिशाभूल केल्याबद्दल बडतर्फ झाला. दोन अपघात, दोन चौकशा, आणि दोषी सापडला तो एवढा एक.

हुकूम घेऊन तो लातूरच्या स्टँडवर बसला. आपल्याला रडू येईल असं त्याला वाटत होतं. आली ती भूक. सरजाबाईनं भाकर सोडली, वर ठेचा ठेवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमच्या त्या गाईला पोसून पोसून मी थकले व्हते." मग थोडं थांबून म्हणाली, "आमची बाजू खोल असंल बी जराशी."

लग्न झाल्यापासून ती एवढी कधी नमली नव्हती.

सावरखेड्यात आता पोट भरण्यासारखं काही नव्हतं. सरजाबाईचा भाऊ रामकिशन धर्माबादच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हमाल होता. त्यानं दोघांना आपल्या मालकापुढं उभं केलं. मालक गुरुलिंग हा मिरचीचा आडत्या. गादीवर बसून पोत्यांची मापं बघायचा. वजनकाट्यापाशी विश्वासाचा माणूस त्याला हवाच होता.

"सरकारी नोकरी होती म्हणता, मग सुटली कशानं?" त्यानं विचारलं.

ग्यानोबा चाचरला. सरजाबाईनं सांगून टाकलं, "खरं बोलले म्हणून काढलं."

गुरुलिंगनं ग्यानोबाला वरून खाली न्याहाळलं. माणूस धडधाकट होता, आवाजही चांगला होता. मग तो रामकिशनकडं वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "ठेवू की. पण काट्याजवळ नको बाबा. दारात बसव."