मारियान्थी आणि सूपवाला साहेब

मारियान्थीचं तोंड म्हणजे पट्टा. तुर्कस्तानातलं स्मिर्ना शहर जळलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीत चढलेली ही बाई. अथेन्सजवळच्या कोकिन्यात, आम्हा निर्वासितांच्या वस्तीत आली, गालिच्यांच्या कारखान्यात राबली, नवऱ्याला मूठमाती दिली, पण कुणापुढे हात पसरला नाही. मग दुसरं महायुद्ध पेटलं आणि जर्मन आले. त्यांनी शहरातलं धान्य उचलून नेलं, बंदरात बोटी येईनात, आणि त्या हिवाळ्यात वस्तीतली पोरं भिंतीला धरून चालायला लागली. तेव्हा हीच उठली आणि परदेशी मदतीच्या कचेरीत जाऊन ठाण मांडून बसली.

"साहेब, आमच्या शाळेत पोरांसाठी सूपची कढई लावा. नाही म्हणालात तर माझा मुक्काम इथंच."

साहेब स्वीडनचा, मोडकंतोडकं ग्रीक बोलणारा, पार थकलेला. कढई एकच उरली होती. "उद्या येऊन बघतो," म्हणाला. "जिथं जास्त हाल, तिथं आधी."

झालं! पाहुणा येणार म्हटल्यावर वस्तीच्या अंगातच आलं. हुकूम मारियान्थीचेच. उंबऱ्यांना चुना फासला, पोरांना चर्चला जायचे ठेवणीतले कपडे चढवले. शेजारच्या फोतिनीनं पोरींचे गाल चिमटून चिमटून लाल केले. कुणीतरी बरणी खरवडून चमचाभर मुरंबा काढला, कारण चमचाभर गोड आणि पेलाभर पाणी पुढं केल्याशिवाय आमच्यात पाहुण्याला परत पाठवत नाहीत. मेलो तरी नाही.

साहेबानं पांढरे उंबरे पाहिले, लाल गाल पाहिले, मुरंबा खाल्ला. मग जरा ओशाळून म्हणाला, "बाई, तुमचं बरं चाललंय. पलीकडं लोक रस्त्यात पडतायत. कढई तिकडं देतो."

आपल्याच हातानं आपण पोरांच्या तोंडचा घास घालवला, हे मारियान्थीला लख्ख कळलं.

"अगं, सांग ना त्याला, खायला काही नाही म्हणून," फोतिनी कुजबुजली.

"कोण ऐकेल? त्याच्या तोंडात अजून मुरंबा आहे."

तिनं सरळ साहेबाचा हात धरला आणि त्याला आपल्या खोलीत नेलं. मागोमाग सगळ्या बाया दारात जमल्या. चुलीवर हंडी रटरटत होती. रोज रटरटायची. मारियान्थीच्या घरी तरी काही शिजतं, एवढाच त्या बायांना धीर. मारियान्थीनं झाकणाला हात घातला. लाज वाटली तिला, भयंकर लाज वाटली. मग तिनं झाकण उचललं.

आत नुसतं पाणी होतं.

"रोज हेच उकळते," ती शांतपणे म्हणाली. "शेजारणींना कळू नये म्हणून. आज कळलं. त्यांनी वाटेल ते म्हणावं, पोरांना सूप द्या."

फोतिनी मान खाली घालून घरी गेली आणि आपली हंडी दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. साहेबापुढं ठेवून तिनंही झाकण काढलं. त्यातही पाणीच होतं. तिच्यामागं आणखी एक बाई आली, तिच्यामागं आणखी एक.

साहेबानं डोक्यावरची टोपी काढली. "तुमची शाळा कुठंय?" त्यानं विचारलं.