आठ पाचरी

जगातली प्रत्येक सैल गोष्ट मुद्दाम आपल्यालाच चिडवायला सैल राहिली आहे, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो आंबिवलीला राहतो. बाबांचे हे कंपनीतले मित्र. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणतो. कोलशेतच्या कंपनीत ते माल भरायची लाकडी खोकी बनवायचे. कंपनी बंद पडली, तिथे टॉवर उभे राहिले आणि काका चित्रकारांना कॅनव्हास ताणून द्यायला लागले. रंधा मारून चौकट करायची, कापड चारी बाजूंनी ओढून खिळ्यांनी ठोकायचं आणि कोपऱ्यांच्या खाचांत लाकडाच्या छोट्या पाचरी बसवायच्या, प्रत्येक कोपऱ्यात दोन. पुढे कधी कापड सैल पडलं की पाचर हातोडीने जराशी आत सारायची. चौकट किंचित फाकते, कापड ताठ होतं. किती सारायची? "एक केस," काका म्हणत. सूतभरसुद्धा नाही.

या कामाने त्यांच्या बोटांना खोड लावली. आमच्याकडे आले की चप्पल काढायच्या आधी खाटेच्या नवारीवर टिचकी. दोरीवरची चादर, मांडवाचं कापड, शेजारच्या बाळाचं दूध पिऊन गच्च झालेलं पोट, सगळ्यांवर टिचकी, मग मान तिरकी, मग निकाल. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात ऐन त्रिशरण चालू असताना स्टेजवरचा बॅनर झोळ देत होता. काका उठले, भन्तेजींच्या मागून गेले, बॅनर ओढून बांधला आणि मगच खाली बसले. आई वैतागून म्हणाली, "भावजी, नवरा-नवरीकडे तरी बघा जरा!" "बघितलं ना वहिनी. नवऱ्याचा फेटा सैल आहे." चित्रं ते पाठीमागूनच बघत. ठाण्याच्या एका प्रदर्शनात लोक चित्रांसमोर उभे आणि काका भिंतीला गाल लावून चित्रांच्या मागे डोकावतायत. चित्रकाराने कौतुकाने विचारलं, "कसं वाटलं?" काका म्हणाले, "लाकूड छान सुकवलंय."

मी वाचायला शिकले तीच बाबांनी घरी आणलेल्या युनियनच्या पत्रकांवर, आणि मोठी होऊन पत्रकंच लिहायला लागले. हाताने काम करणाऱ्याला मान मिळालाच पाहिजे, हे वाक्य मी किमान वीस पत्रकांत लिहिलं असेल. डोंबिवलीत आमच्या गटाने कामगारांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ठाण्याच्या एका चित्रकार बाईंकडून मोठं चित्र मागून आणलं: कंपनीच्या गेटवर धरणं धरून बसलेल्या बायका. चौकट काकांची. पावसाळा चालू होता. उद्घाटनाच्या सकाळी काका आले, टिचकी मारली आणि मला म्हणाले, "आज झोळ दिसणार, हवा ओली आहे. हात लावू नकोस पोरी. एसी लागला की कापड स्वतःच ओढून घेईल." सैलपणा जन्मात न खपलेला माणूस एक झोळ तसाच सोडून जातोय, यावरूनच मला समजायला हवं होतं.

नाही समजलं. पाच वाजता पाहुणे येणार होते आणि गेटवरच्या लढाऊ बायका पोट सुटल्यासारख्या दिसत होत्या. मी वॉचमनची हातोडी घेतली आणि आठही पाचरी पार बुडेपर्यंत ठोकल्या. टिचकी मारली. ताशासारखा आवाज आला. काका उगाच घाबरतात, असंही मनात म्हटलं.

तिसऱ्या दिवशी एसीच्या कोरड्या हवेत कापड आवळलं, आणि आता आवळायला जागाच नव्हती. मधल्या बाईच्या चेहऱ्यावर रंगाला तडे गेले, वरच्या कोपऱ्यात कापड खिळ्यांपाशी फाटलं. चित्रकार बाई धावत आल्या. "चौकट कोणी केली होती ही?"

"आंबिवलीच्या काकांनी," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

काकांना बोलावलं. ते चित्राच्या मागे गेले आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तिथेच राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "चूक झाली, बाई. मी परत बांधून देतो."

"नको. तुम्ही आता हातही लावू नका."

मी तिथेच उभी होते, पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून. बाईंनी चार ठिकाणी सांगितलं असणार, कारण दिवाळीपर्यंत काकांकडे एकही चित्रकार फिरकेनासा झाला. बाबा जेवताना म्हणाले, "काकाचं वय झालं गं." मी आणखी भात वाढून घेतला.

आंबिवलीला जायला मला सात महिने लागले. काका दारात बसून शेजाऱ्याच्या स्टुलाचा पाय बसवत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "काका, त्या पाचरी मी ठोकल्या होत्या."

"माहीत आहे. डोकी चेचली होती सगळ्यांची. मी असं मारतो का?"

"मग बोलला का नाहीत तेव्हाच?" माझा आवाज चढला. म्हणजे तिथेही मीच चिडले.

"तू बोलशील असं वाटलं," काका म्हणाले. "म्हणून तर मागे थांबलो होतो तेवढा वेळ."

मी तिथूनच बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पत्रकातलं एकही वाक्य सुचलं नाही. बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे द्या फोन." काकांनी हात लेंग्याला पुसले, फोन दोन्ही हातांत धरला आणि ऐकत राहिले. "हो बाई... नाही नाही, बाई... तिला काही बोलू नका. पोर लहान आहे हो."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते.