अर्धा ग्लास ग्लुकोज

आमचं गाव केज सोडलं त्या सकाळी मी बायकोच्या वाटचं अर्धं ग्लुकोज पिऊन टाकलं. तसा मी मदतीला तत्पर माणूस. मदत कुठं करायची नसते, ते मात्र मला उशिरा कळतं.

सुमनला सहावा महिना होता. लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेलेले. पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर मला वॉचमनची नोकरी लागली होती आणि दुपारची एसटी धरायची होती. निघण्याआधी साखरेची चाचणी उरकावी म्हणून सरकारी दवाखान्यात गेलो. सिस्टरनं ग्लुकोजच्या पाण्याचा ग्लास सुमनच्या हातात दिला आणि म्हणाली, "समदं पिऊन बसा. दोन तासांनी रक्त घेते." सुमननं दोन घोट घेतले आणि तोंडाला पदर लावला.

"लई गोड हाय हो. उलटी हुईल."

"आण हिकडं," म्हणालो. सिस्टरची पाठ होती तेवढ्यात निम्मं मी संपवलं.

रिपोर्ट चांगला आला. एसटीत मी सुमनला म्हणालो, "बघ, पास केलं तुला." ती हसली. निघताना आईनं बजावलं होतं, "दोन जिवाची हाय, उपाशी ठिवू नको तिला."

आईचं मी पुण्यात तंतोतंत ऐकलं. इथं ज्वारी तांदळाहून महाग. सुमन तीन फ्लॅटमध्ये भांडी घासायची. तिथून कालचा भात, पाव, खोक्यातली उरलेली मिठाई यायची. पार्किंगमधल्या आमच्या खोलीत बसून मी तिला आग्रह करकरून खाऊ घालायचो. ती सारखी पाणी प्यायची. "इथल्या पाण्यानं तहानच भागत न्हाई," असं मी मोठ्या जाणकारासारखा सांगायचो.

इथल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर पुन्हा बघू. उद्या उपाशीपोटी या." म्हणजे दोघांचाही खाडा. मी खिशातून केजचा कागद काढला. "झाली मॅडम, नॉर्मल हाय." त्या म्हणाल्या, "तरी या." आम्ही गेलो नाही.

नवव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. मुलगा होता. चांगला भरलेला, नुसता झोपल्यासारखा.

सुमनच्या रक्तातली साखर बघून डॉक्टरीणबाईंनी तो जुना कागद पुन्हा मागितला. मग मी ग्लासाचं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "वेळेवर कळलं असतं तर खाणं बदलून, औषध देऊन सांभाळता आलं असतं, हो." सुमन भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं ऐकलं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

नाल्यापलीकडच्या स्मशानभूमीत, कोपऱ्यात, त्याला पुरलं.

थोरले भाऊ, तुम्ही गावाकडून फोनवर विचारता, "का येत न्हाईस रे? घर हाय, दोन एकर हाय." खरं आहे. सहा वर्षं झाली, तरी कुणी गाव विचारलं की तोंडात केजच येतं. सोसायटीत मी 'अंकल', गावात 'पुणेकर', आणि दोन्हीकडं मी पाहुणाच.

गेल्या महिन्यात धीर केला. ट्रंक खाली काढली, तिच्यावरची धूळसुद्धा पुसली आणि सुमनला म्हणालो, "चल, आता घरी जाऊ." ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली,

"तुमी जावा. लेकराला एकट्याला हितं ठिवून मी कुठं येऊ?"